शंकरपट: सेकंद, पॉइंट आणि गटांचा हिशेब

विदर्भात बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट किंवा नुसते ‘पट’ म्हणतात. सोयाबीन घरात आले, कपाशीची उलंगवाडी जवळ आली, की वाशीम, यवतमाळ, अमरावती, अकोला या जिल्ह्यांतील गावोगावी पटाच्या पत्रिका फिरू लागतात. हंगामाचा भर संक्रांतीनंतर असतो. शंकराचे वाहन नंदी, म्हणून हे नाव, असा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. बाहेरून येणाऱ्या प्रेक्षकाला दिसतो तो धुरळा, ध्वनिक्षेपकावरचे वऱ्हाडी समालोचन आणि डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच समोरून निघून गेलेली जोडी. पटाचा खरा कारभार मात्र पंचांच्या टेबलावर चालतो. जोडी कोणत्या गटात धावली, वेळ कोठून कोठवर मोजली, घड्याळ कोणाच्या हाती होते आणि आलेला आकडा कोणाच्या नावावर लिहिला गेला, हे तेथे ठरते. पटातले बहुतेक वादही याच गोष्टींवरून होतात.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. पटाच्या नकाशावर जिल्ह्याच्या सीमा फारशा महत्त्वाच्या नाहीत. कारंजा आणि मानोऱ्याच्या जोड्या अमरावती-यवतमाळच्या पटांत उतरतात आणि तिकडच्या इकडे येतात. त्यामुळे एका गावचा पट दुसऱ्या गावच्या पटाशी नकळत जोडलेला असतो. गेल्या आठवड्यात तिकडे कोणती जोडी किती सेकंदांत आली, याची वार्ता पुढच्या मैदानावर जोडीच्या आधी पोहोचते.

समोरचा प्रतिस्पर्धी आणि फळ्यावरचा प्रतिस्पर्धी

बैलांच्या शर्यतीचे महाराष्ट्रात ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात जोड्या एकाच वेळी सुटतात आणि जी आधी पोहोचेल ती जिंकते. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातील छकडीच्या शर्यती या प्रकारच्या. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीतही शेजारी-शेजारी आखलेल्या धावपट्ट्यांवर जोडीशी जोडी भिडवण्याची रीत आहे. तेथे दिवसा पट आणि रात्री नाटक असा जोडकार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून झाडीपट्टी रंगभूमीला प्रेक्षक मिळवून देण्यात मंडई व शंकरपटाचा वाटा मोठा आहे.

दुसरा प्रकार घड्याळाचा. वऱ्हाडातील पट प्रामुख्याने या प्रकारात मोडतात. हलक्या छकड्याला जुंपलेली एकच जोडी धावते, एकच धुरकरी ती हाकतो आणि तिची वेळ नोंदली जाते. मग दुसरी, मग तिसरी. प्रतिस्पर्धी शेजारी नसतोच. तो तासाभरापूर्वी धावून गेलेला असतो किंवा दुसऱ्या दिवशी धावणार असतो. धुरकऱ्याला हरवायचा असतो तो फळ्यावरचा आकडा. हा आकडा सेकंद आणि ‘पॉइंट’ अशा भाषेत सांगितला जातो. पॉइंट म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. धाव काही सेकंदांतच आटोपते, त्यामुळे पहिल्या आणि पाचव्या क्रमांकांत बहुधा सेकंदाचे अंतर नसते, पॉइंटचे असते.

पहिल्या प्रकारात कोण जिंकले ते हजारो डोळे एकदम पाहतात आणि पंचांची चूक लपत नाही. घड्याळाच्या पटात प्रेक्षक काहीच ताडून पाहू शकत नाही. सात सेकंद चाळीस पॉइंट आणि सात सेकंद पंचावन्न पॉइंट यांतला फरक कोणत्याही अनुभवी डोळ्याला कळण्यासारखा नाही. पुकारलेला आकडा मान्य करायचा की नाही, एवढेच त्याच्या हाती उरते. घड्याळाच्या पटातील सगळे नियम आणि रिवाज या एका अडचणीतून जन्मले आहेत.

पॉइंट म्हणजे किती

थोडा हिशेब केला तर ही अडचण स्पष्ट होईल. एखादी जोडी १०० मीटर अंतर ८ सेकंदांत कापते असे समजू. तिचा सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर झाला. या वेगाने एका पॉइंटमध्ये जोडी साडेबारा सेंटिमीटर पुढे जाते. वीतभरही नाही.

जुनी पद्धत निशाणाची. सुटीच्या रेषेवरचा माणूस निशाण खाली करतो आणि शेवटच्या रेषेवर उभा असलेला वेळाधिकारी ते पाहून घड्याळाची कळ दाबतो. डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. म्हणजे २० पॉइंट. तेवढ्यात जोडी अडीच मीटर पुढे गेलेली असते. शेवटी जोडी समोर येताना दिसत असल्याने बोट आधीच सज्ज असते आणि कळ थोडी लवकर दाबली जाते. सुरुवात उशिरा आणि शेवट लवकर, असे झाले की हाताच्या घड्याळावरची वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. यात कोणाची लबाडी असावीच लागत नाही.

ॲथलेटिक्सने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. छोट्या अंतराच्या धावण्यात हाताची वेळ आणि स्वयंचलित वेळ यांत सुमारे ०.२४ सेकंदांचा फरक धरला जातो आणि १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत जागतिक विक्रमासाठी फक्त स्वयंचलित वेळ ग्राह्य धरली जाते. वऱ्हाडातील पटांतही आता इलेक्ट्रॉनिक घड्याळे आली आहेत. दोन्ही टोकांना सेन्सर बसवलेले असतात आणि जोडी रेषा ओलांडताच घड्याळ आपोआप सुरू होते व थांबते. पत्रिकेवर घड्याळाचा उल्लेख ठळकपणे छापण्याची प्रथा पडली आहे, कारण कोणते घड्याळ आहे हे पाहून जोडी न्यायची की नाही, हे मालक ठरवतात.

यंत्र आले तरी सगळे प्रश्न मिटले नाहीत. सेन्सर जमिनीपासून किती उंचीवर आहे, तो बैलाच्या नाकाने चालू होतो की छातीने, उडालेल्या धुळीने वा मध्ये आलेल्या माणसाने तो फसतो का, ही चर्चा प्रत्येक मैदानावर ऐकू येते. जोडी रेषेच्या किती मागून सोडायची, हाही असाच मुद्दा. धावत येऊन रेषा ओलांडणाऱ्या जोडीला जागेवरून उठणाऱ्या जोडीपेक्षा उघड फायदा असतो. म्हणून सुटीची जागा आखून देणे आणि जोडी धरणाऱ्यांनी ती कोठवर धरायची हे आधी सांगणे, ही चांगल्या आयोजकाची खूण मानली जाते.

गट कशासाठी

नवशिक्या जोडीला नामांकित जोडीपुढे उभे केले तर पटाला येणार कोण? त्यामुळे गट पाडावे लागतात. वऱ्हाडात ‘जनरल’ किंवा खुला गट, जिल्हा गट, तालुका गट आणि गावगाडा अशी विभागणी आढळते. काही ठिकाणी ती अ, ब, क अशा अक्षरांनी केली जाते. खुल्या गटात कोठलीही जोडी उतरू शकते आणि मोठी बक्षिसे तेथेच असतात. तालुका गटात त्या तालुक्यातील मालकांच्या जोड्या. गावगाड्यात यजमान गावचे किंवा परिसराचे शेतकरी आपले रोजच्या कामाचे बैल घेऊन उतरतात. तेथे बक्षीस लहान आणि मान मोठा, कारण पाहणारे सगळे ओळखीचे.

गटांवरून होणाऱ्या तक्रारींचा प्रकार सर्वत्र एकच: वरच्या गटातली जोडी खालच्या गटात घुसवणे. तालुका गटात बाहेरचा बैल गावातल्या कोणाच्या तरी नावावर उतरतो. कधी जोडीतला एक बैल स्थानिक आणि दुसरा पाहुणा असतो. पश्चिम महाराष्ट्रात दोन मालकांचे बैल एकत्र जुंपण्याला ‘पैरा’ म्हणतात आणि तो उघड, मान्य व्यवहार आहे. प्रादेशिक गटांत मात्र तो वादाचा विषय ठरतो. जोडी कोणाची, हे मालकाच्या पत्त्यावरून ठरवायचे की बैलाच्या गोठ्यावरून? यावर सर्वमान्य उत्तर नाही. सुज्ञ आयोजक नोंदणीच्या वेळीच बैलांची नावे, मालकाचे गाव आणि ओळख पटवणारे कागद मागून घेतात. पत्रिकेच्या तळाशी ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य असतेच. पण ज्या मैदानावर नोंदवही नीट असते तेथे त्या वाक्याचा आधार क्वचित घ्यावा लागतो.

सातारा-सांगलीकडे गट पत्त्यावर नव्हे, दातांवर पाडतात. कायमचे दात न आलेला तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार आलेला चौसा आणि कोणालाही खुला तो ओपन. ही पद्धत तपासायला सोपी. बैलाचे तोंड उघडले की पुरावा समोर असतो. शिवाय तिच्यामुळे तरुण बैलाला त्याच्या वयाच्या बैलांशीच झुंजावे लागते आणि त्याच्यावर अवेळी ताण येत नाही. वऱ्हाडातील प्रादेशिक गटांना हा गुण नाही. त्यांचा उद्देश वेगळा आहे. जवळच्या शेतकऱ्याला मैदानावर जागा राखून ठेवणे, हा त्यांचा हेतू.

अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटाचा उल्लेख येथे करायला हवा. विदर्भातील नावाजलेल्या पटांपैकी तो एक असून तेथे महिला धुरकऱ्यांची स्वतंत्र स्पर्धा होते. गट म्हणजे कोणाला तरी वगळण्याची सोय, असा समज असतो. तळेगावात गटाने उलटे काम केले. एरवी ज्यांना छकड्यावर चढू दिले गेले नसते त्यांना त्याने मैदान दिले.

फळ्याचे रिवाज

क्रमांक कसे लावायचे, यातही एकवाक्यता नाही. कोठे एकाच धावेवर निकाल लागतो, तर कोठे पहिल्या फेरीतील वेगवान जोड्यांची अंतिम फेरी होते. बक्षिसांची यादी लांबलचक ठेवण्याकडे आयोजकांचा कल असतो, कारण दुरून जोडी आणण्याचा खर्च मोठा आणि रिकाम्या हाती परतणारा मालक पुढच्या वर्षी फिरकत नाही.

या बाबतीत पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड भागातील घाटांची पद्धत सर्वांत विचारपूर्वक बनवलेली दिसते. तेथेही शर्यत घड्याळाचीच. गाडा एकेकटा घाट चढतो, पुढे घोडी धावते आणि प्रत्येक धावेला ‘बारी’ म्हणतात. परंतु तेथे पहिला क्रमांक एका गाड्याला मिळत नाही. आयोजक सेकंदांची मर्यादा ठरवतात. त्या मर्यादेच्या आत आलेले सर्व गाडे पहिल्या क्रमांकात, त्यापुढच्या टप्प्यातले दुसऱ्या क्रमांकात, असे वर्ग पडतात आणि त्या क्रमांकाची रक्कम त्यातील गाड्यांत वाटली जाते. पहिल्या क्रमांकात येणारा दिवसातला पहिला गाडा तो ‘फळीफोड’ आणि सर्वांत कमी वेळ घेणारा ‘घाटाचा राजा’. दोन पॉइंटच्या फरकावरून भांडण होऊ नये, यासाठी याहून चांगला उपाय सापडणे कठीण. घड्याळ जेवढे अचूक आहे तेवढ्याच बारीक पायऱ्या त्यांनी पाडल्या आणि बारीक फरकाचा मान फक्त एका किताबापुरता राखला. वऱ्हाडात ही रीत रुजलेली नाही. तेथे शेवटच्या पॉइंटपर्यंत क्रमवारी लावली जाते.

धावण्याचा क्रम हाही निकालाचाच भाग समजला जातो. सकाळी धावपट्टी टणक आणि हवा गार असते. दुपारनंतर माती उकरली जाते, ऊन चढते, गर्दी रेषेच्या आत सरकते. म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, ही सर्वांची मागणी. ओळखीच्या मालकाला सोयीचा क्रमांक दिल्याचा आरोप हा वेळेच्या आरोपाइतकाच गंभीर मानला जातो.

जोडी धावपट्टी सोडून फाकली तर ती बाद होते, याबद्दल दुमत नसते. धुरकरी पडला आणि बैलांनी रिकामा छकडा घेऊन रेषा ओलांडली तर? प्रेक्षक शिरल्याने जोडी बुजली तर पुन्हा संधी द्यायची का? घड्याळ बंद पडले तर दमलेल्या बैलांना लगेच पळवायचे का? अशा प्रश्नांची उत्तरे धावांच्या आधी ध्वनिक्षेपकावरून सांगितली गेली तर दिवस शांततेत जातो. नंतर सांगितली की त्यांना पक्षपाताचा वास येतो.

वेळ नेमकी कोणाची, हा एक मजेशीर मुद्दा आहे. पुकारा होतो तो मालकाच्या आणि गावाच्या नावाने. चाहत्यांच्या तोंडी मात्र बैलांची नावे असतात. ढाल आणि रक्कम मालकाकडे जाते. ज्याने काही सेकंद जीव मुठीत धरून छकड्यावर तोल सांभाळला त्या धुरकऱ्याचे नाव निकालपत्रकात अनेकदा नसतेच. नामांकित धुरकरी एकाच दिवशी वेगवेगळ्या मालकांच्या जोड्या हाकतात, हे लक्षात घेता ही त्रुटी लहान नाही. धुरकऱ्याची नोंद ठेवली तर कोणत्या जोडीचा वेग बैलांचा आणि कोणत्या जोडीचा हाकणाऱ्याचा, हे तरी कळू शकेल.

एका मैदानाचा आकडा दुसऱ्या मैदानावर

प्रत्येक पटानंतर ‘विक्रम’ हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. हा विक्रम त्या मैदानापुरता असतो. धावपट्टीचे अंतर, तिचा चढ-उतार, मातीचा प्रकार आणि घड्याळ यांतले काहीच गावोगावी सारखे नसते. अंतर मोजण्यात दहा फुटांची चूक झाली तरी वर धरलेल्या वेगाने वेळेत सुमारे २४ पॉइंटांचा फरक पडतो. एवढ्या फरकात क्रमवारीची उलथापालथ होऊ शकते.

अंतर आणि परिस्थिती विसरून आकडे शेजारी ठेवले की काय होते, ते कर्नाटकाने २०२० मध्ये पाहिले. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील ऐकळ येथील कंबळ्यात श्रीनिवास गौडा यांनी रेड्यांच्या जोडीसोबत चिखलातून १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत पार केले. कोणीतरी त्रैराशिक मांडून १०० मीटरची वेळ ९.५५ सेकंद काढली आणि ती उसेन बोल्टच्या ९.५८ सेकंदांच्या विक्रमाशेजारी ठेवली. देशभर गाजावाजा झाला, क्रीडा प्राधिकरणाने चाचणीचे निमंत्रण दिले. गौडा यांनीच ते नम्रपणे नाकारले. रेडे आपल्याला ओढत असतात, धावपटूला ओढणारे कोणी नसते, ही साधी गोष्ट त्रैराशिकात आली नव्हती. एरवी कंबळ्याची व्यवस्था पटाहून पुढारलेली आहे. तेथे आडवी फळी, दोरी, नांगर अशा जोडणीच्या प्रकारांवरून गट पडतात. ‘कणे हलगे’ नावाच्या गटात तर वेळ मोजलीच जात नाही. चिखलपाणी किती उंच उडाले त्यावर निकाल लागतो.

जनावरे आणि माती यांचा संबंध नसलेल्या एका जगातही नेमके हेच प्रश्न उभे राहिले आहेत, हे वाचून आश्चर्य वाटेल. व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या छंदाला ‘स्पीडरन’ म्हणतात. तेथेही गट असतात. कसेही करून शेवट गाठण्याचा ‘एनी पर्सेंट’, खेळातले सर्व काही पूर्ण करण्याचा ‘हंड्रेड पर्सेंट’, खेळातील तांत्रिक चुकांचा फायदा न घेता खेळण्याचा ‘ग्लिचलेस’. मूळ यंत्रावर खेळलेली धाव आणि संगणकावर त्याची नक्कल करून खेळलेली धाव वेगळी धरायची का, यावर तेथे प्रत्येक खेळागणिक वाद होतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पीडरन डॉट कॉम’ या संकेतस्थळावर हजारो खेळांच्या क्रमवाऱ्या आहेत आणि वरच्या जागेसाठी धावेचे चित्रीकरण सादर करावे लागते. ते पाहून तपासनीस मान्यता देतात. हे तपासनीसही त्याच खेळाचे हौशी खेळाडू असतात, पगारी पंच नव्हेत.

ही शिस्त सहज आली नाही. ‘ड्रॅगस्टर’ नावाच्या १९८० सालच्या मोटार शर्यतीच्या खेळात अमेरिकेचे टॉड रॉजर्स यांच्या नावावर १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा विक्रम होता. पुढे संगणक अभियंत्यांनी खेळाची रचना उलगडून दाखवले की यंत्राने कितीही अचूक खेळले तरी ५.५७ सेकंदांच्या खाली जाता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये ‘ट्विन गॅलक्सीज’ या नोंदणी संस्थेने तो विक्रम आणि रॉजर्स यांच्या इतर सर्व नोंदी रद्द केल्या. गिनीज बुकानेही तोच मार्ग धरला. पस्तीसहून अधिक वर्षे टिकलेला विक्रम सहा पॉइंटांपायी गेला. खेळातल्या मोटारीचा वेग तिच्या गणितात लिहिलेला होता, म्हणून हे सिद्ध करता आले. बैलाच्या वेगाची अशी वरची मर्यादा कोणी लिहून ठेवलेली नाही. मैदानावरची नोंद नीट नसेल तर नंतर खरे-खोटे करण्याचा कोणताच मार्ग उरत नाही.

बंदी आणि त्यानंतरचे कागद

वेग किती, यापेक्षा तो कसा आणला, हा प्रश्न अखेर न्यायालयात गेला. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने प्रदर्शन व खेळांसाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत वळू-बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्याच्या शर्यतीसाठी नाही आणि वेदना दिल्याशिवाय तो असा पळत नाही, हा त्या निकालामागील मुख्य विचार होता. आर लावणे, शेपटी पिरगळणे, विजेचा झटका देणे हे प्रकार मैदानांवर घडत असत, हे शर्यतींच्या समर्थकांनाही नाकारता आले नाही. केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये सूट देण्याचा प्रयत्न केला. पाच दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत आणि २०१८ मध्ये हा विषय घटनापीठाकडे गेला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. मधल्या काळात, सप्टेंबर २०२२ मध्ये, लम्पी चर्मरोगामुळे राज्यात गुरांचे बाजार आणि शर्यती काही काळ पुन्हा थांबल्या होत्या.

सात वर्षांच्या खंडाचा परिणाम रिवाजांवर झाला. एका बैलाचे धावण्याचे वय पाहता पटाच्या बैलांची एक पूर्ण पिढी मैदानावर न उतरताच निघून गेली. नवे धुरकरी तयार झाले नाहीत. पंचांची ओळखीची फळीही विस्कळीत झाली. परवानगीनंतर जे पट भरले त्यांत जुन्या तोंडी नियमांची जागा पहिल्यांदाच सरकारी कागदाने घेतली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, ५० हजार रुपयांची अनामत, १००० मीटरपेक्षा जास्त नसलेली धावपट्टी, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी, काठी-चाबूक व विजेच्या साधनांना बंदी आणि शर्यतीचे चित्रीकरण, या त्यातील प्रमुख अटी. २०१७ च्या दुरुस्तीनुसार बैलाला इजा पोहोचवणारी कृती केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

चित्रीकरणाची अट क्रूरता रोखण्यासाठी आहे. आयोजकांना ती कटकट वाटते. प्रत्यक्षात तिने पटाच्या जुन्या दुखण्यावरही औषध दिले आहे, कारण चित्रीकरणातून वेळही पुन्हा तपासता येते. साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रे टिपतो. दोन चित्रांमधले अंतर साधारण तीन पॉइंटांचे. म्हणजे दोन्ही रेषा एकाच चौकटीत दिसत असतील तर हाताच्या घड्याळाहून मोबाइल अधिक विश्वासार्ह ठरतो. तक्रार आली तर चित्रीकरण पाहून निर्णय देऊ, असे आयोजकांनी आधीच जाहीर करायला काहीच हरकत नाही. त्याच चित्रात धुरकऱ्याचा हातही दिसेल. शेपटी पिरगळून कमावलेले दहा पॉइंट फळ्यावरून पुसण्याचा नियम मात्र सरकारी अटींत शोधून सापडणार नाही. त्या अटी दंड करतात, क्रमांक काढून घेत नाहीत. तो अधिकार पंचांचा, आणि तो त्यांनी पत्रिकेत छापला तर सर्वांत आधी धुरकरी सावध होईल.

यात पैसा गुंतलेला आहे, हेही विसरता येत नाही. चांगली वेळ नोंदवलेल्या बैलाची किंमत शेतीच्या बैलाच्या कितीतरी पट चढते आणि पटाच्या मैदानावरच सौदे ठरतात. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी असा एक बैल म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाहून मोठी रक्कम असू शकते. फुगवलेली वेळ ही अशा सौद्यात खोट्या दाखल्यासारखी असते. वऱ्हाडातील सर्व पटांच्या वेळा एकत्र नोंदवणारी मध्यवर्ती वही नसल्याने जाणकार खरेदीदार आपली पद्धत वापरतो. आकडा तो शेवटी विचारतो. आधी मैदान कोणते, अंतर किती, घड्याळ कोणते, गट कोणता, हाकणारा कोण आणि जोडीचा दुसरा बैल कोणाचा, हे विचारतो. मग बैलाच्या शेपटीवरून आणि पाठीमागच्या मांड्यांवरून हात फिरवून जुन्या जखमा आहेत का ते पाहतो आणि शक्य झाले तर दुसऱ्या जोडीदारासोबत एकदा पळवून बघतो.